सातवा नमुना

“ही घे तुझी कवळी,” असं म्हणून आईनं तोंडातून वरची आणि खालची, दोन्ही काढल्या आणि ताईच्या चहाच्या बशीत ठेवल्या.

“अगं आई! चहा पितेय मी!”

“पी ना. तुझा चहा कोण काढून घेतंय? पण हे दात माझे नाहीत.”

कवळी नसली की आईचे निम्मे शब्द वाऱ्यावर जातात. पण राग आला की तिला उरलेले निम्मेही पुरतात. रविवारची सकाळ होती. आई बागेतून चालून आली होती ती तशीच पायातल्या बुटांसकट स्वयंपाकघरात शिरली होती. मी गॅसपाशी उभी होते आणि माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसली होती. रविवार असो की आजारपण, तिचा लॅपटॉप उघडाच असतो.

“तुझे नाहीत म्हणजे?” ताई म्हणाली. “मी स्वतः केलेत. आमच्या लॅबमधल्या नव्या मशीनवर निघालेली पहिली कवळी तुझी. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली, माहितेय?”

“तेच तर म्हणतेय. तूच केलेस. आणि हेच दात तू त्या बँकवाल्यांना दिलेस, आणि त्या उंच नर्सबाईंना, आणि दुकानवालीला. आज बागेत सगळ्यांचा फोटो काढला. काढणारा म्हणाला, मोठ्ठं हसा. हसलो. आता तूच बघ, काय हसलोय ते.”

तिनं फोन माझ्या हातात कोंबला. रोज बागेत चालायला येणारी म्हातारी मंडळी ओळीनं उभी होती. मी फोटो बोटांनी मोठा केला. आई, तिच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेले काका, मग उंच नर्सबाई, टोकाला दुकानवाली. एक चेहरा लांबुळका, एक वाटोळा, एक सुरकुत्यांनी भरलेला आणि एक आमच्या आईचा. आणि चौघांच्या तोंडात तेच हसू. अगदी तेच! जणू एकच कवळी चौघांनी आळीपाळीनं घातली होती. मला हसू आवरेना. मी इतकी हसले की इकडे दूध उतू गेलं.

“दात काढू नकोस,” आई माझ्यावर खेकसली.

“तू काढलेस ते चालतात वाटतं,” मी म्हणाले आणि गॅस बंद केला.

ताई मात्र हसली नाही. तिनं माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन नाकाला लागेल इतका जवळ धरला. तिचा चेहरा उतरला.

“सातवा नमुना,” ती म्हणाली. “चौघांनाही सातवा नमुना.”

ताईची गोष्ट मीच सांगते, कारण ती स्वतः सांगायला बसली की सुरुवातच सॉफ्टवेअरपासून करते आणि ऐकणाऱ्याला झोप येते. ताईला नवीन काही दिसलं की शिकल्याशिवाय राहवत नाही. तरुणपणी ती टायपिंग शिकली. परीक्षा पहिल्या नंबरानं पास झाली आणि ऑफिसांनी टाइपरायटर भंगारात काढले. मग ती एका स्टुडिओत फोटोची फिल्म धुवायला शिकली. हात बसतो न बसतो तोच कॅमेऱ्यातून फिल्म गेली. मग कॉम्प्युटरवर पुस्तकाची पानं लावायला शिकली, छापखान्यात चिकटली, आणि छापखानाच बंद पडला. आमचे बाबा होते तोवर म्हणायचे, आपल्या ताईनं एखादी गोष्ट शिकायला घेतली की ओळखावं, ती गोष्ट आता चालली. घरात सगळे खो खो हसायचे. सगळ्यात मोठ्यानं ताई हसायची. पण रात्री दिवा मालवल्यावर माझ्या शेजारच्या खाटेवर ती जागी असायची. मला कळायचं.

शेवटी ती दातांच्या लॅबमध्ये लागली. “माणसांचे दात पडायचे काही थांबणार नाहीत,” म्हणाली. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा साचा पाठवतात, लॅबमध्ये त्याच्यावर प्लास्टर ओततात, मेणाची हिरडी करतात, मेणात एकेक दात बसवतात आणि मग त्याची पक्की कवळी होते. ताईच्या हाताला गुण होता. ती प्लास्टरखोलीत बसायची, तिच्या केसांत, भुवयांत, डब्यातल्या भाजीतसुद्धा प्लास्टर असायचं. पुढे तिनंच मलाही तिथं चिकटवलं. मी पॅकिंगला. झालेली कामं डब्यांत घालायची, चिठ्ठी लावायची आणि दवाखान्यांत पोचवायची. मला विचाराल तर सगळ्या कवळ्या सारख्याच दिसतात. म्हणून तर माझ्या हातून चार सारख्या कवळ्या गेल्या आणि मला पत्ता लागला नाही.

आणि मग मालकांनी नवीन मशीन आणलं. स्कॅनर, मोठा स्क्रीन आणि आख्खी कवळी छापून काढणारा प्रिंटर. मालक त्या प्रिंटरभोवती असे फिरायचे, जणू घरात पहिलं बाळ आलंय. मशीनबरोबर शिकवायला एक मुलगी आली, गोल चष्म्याची, हुशार, पटपट बोलणारी. तिला आम्ही ‘नवी’ म्हणायला लागलो. मालकांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, महिनाअखेरीला प्लास्टरखोली बंद. स्क्रीनसमोरची खुर्ची एकच आहे. ज्याला हवी त्यानं शिकावं आणि कामं करून दाखवावीत. कवळी घट्ट बसली, सैल झाली, ते डॉक्टर दवाखान्यातच घासून ठीक करतात, त्याचं काही नाही. पण दात परत लावायला लागले, असं एकही काम आलं तर खुर्ची नवीला.

प्लास्टरखोलीत सगळे एकमेकांकडे बघताहेत. आणि आमच्या ताईसाहेबांचा हात वर.

“ताई, तुम्ही?” मालक म्हणाले. “नाही म्हणजे, या वयात…”

“वय कशाला विचारता साहेब, काम विचारा,” ताई म्हणाली.

पुढचे आठवडे आमच्या घरात जबडेच जबडे. जेवताना स्क्रीनवर जबडा फिरतोय, भाजी चिरताना फिरतोय. आई ओरडायची, “अगं तो बंद कर, घास खाली उतरत नाही.” ताई ढिम्म. नवीला प्रश्न विचारून विचारून तिनं बेजार केलं, पण ती पोरगीही गुणाची. एकदा मला म्हणाली, “तुमच्या ताई एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारत नाहीत. तिसरंच काहीतरी विचारतात.” आणि खरंच, ताईचा हात बसला. ती खुर्चीत बसली की तिची पाठ ताठ व्हायची. एकदा डबा खाताना हळूच मला म्हणाली, “या वेळी मी वेळेवर पोचलेय गं. आयुष्यात पहिल्यांदा.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही मग डब्यात तोंड घालून बसले.

तर सातवा नमुना. त्या सॉफ्टवेअरमध्ये दातांच्या तयार रांगा असतात. एक निवडायची आणि जबड्याच्या मापानं लहानमोठी करायची. ताईला सातवी रांग फार आवडली. एकसारखी, रेखीव, ओठ उघडले की उजेड पडावा अशी. नवी म्हणाली होती, हीच सगळीकडे जास्त चालते. झालं. ताईनं आईला ती दिली. मग पाठोपाठ आलेल्या तीन जबड्यांनाही तीच.

“सगळ्यात चांगली होती ती,” त्या रविवारी टेबलापाशी ताई म्हणत होती. “मग कुणाला दुसऱ्या नंबरची का द्यायची? मला वाटलं, सगळ्यांना उत्तमच द्यावं.”

“दे की,” आई म्हणाली. “पण माझं मला दे. माझा पुढचा दात शेजारच्यावर चढलेला होता. तो कुठे गेला?”

“आई, तो वाकडा होता!”

“वाकडा होता, पण माझा होता. तुमच्या बाबांनी त्या दातासकट मला पसंत केलं. आज बागेत ती दुकानवाली हसली आणि मला वाटलं मीच हसले. अंगावर काटा आला माझ्या. तो फोटो तर कुणाला दाखवायची सोय नाही.”

आई बूट काढायला निघून गेली. मी दरवाजा ओढून घेतला आणि ताईच्या समोर बसले.

“हे बघ, आईची कवळी गुपचूप बदल. घरचं काम आहे, कुणाला कळणार नाही. बाकीच्यांचं तोंड तू उघडू नकोस. कुणी तक्रार केलीय का?”

“आईनं केलीय.”

“आई घरची आहे!”

“आईला तोंड आहे म्हणून तिनं केली. बाकीचे सभ्य आहेत. त्यांना वाटत असेल, नवे दात असेच असतात.” तिनं बशीतली कवळी रुमालात घेतली. “मेणात काम करायचे तेव्हा माझ्या हातून कधी दोन सारख्या झाल्या नाहीत. ते काही माझं कसब नव्हतं. कुणी हाक मारली, मन जरा दुसरीकडे गेलं की एखादा दात तसूभर फिरायचा. मला वाटायचं, माझा हात कच्चा. मशीन आलं तेव्हा वाटलं, सुटले बाई, आता चूक म्हणून व्हायची नाही. आणि झाली ती केवढी झाली बघ.”

“तू मालकांना सांगितलंस तर खुर्ची जाईल.”

“माहितेय.”

“जाऊ दे म्हणतेस? इतक्या वर्षांनी एकदा वेळेवर पोचलीस ना? बाबा असते तर…”

“बाबांना मधे आणू नकोस,” ती एकदम तापली. “खुर्ची मला नकोय का? जीव जळतो माझा त्या खुर्चीसाठी. पण मी तिथं बसणार आणि गावभर एकच तोंड वाटत फिरणार? उद्या ही माणसं एकमेकांकडे बघतील, लोक त्यांना हसतील. तू हसलीस की नाही मघाशी? इतकी हसलीस की दूध उतू गेलं.”

एवढं खरं बोलायची काही गरज होती का तिला? मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. तिनंही मला विचारलं नाही.

सोमवारी सकाळी ती मालकांच्या केबिनमध्ये गेली. माझं पॅकिंगचं टेबल दाराला लागूनच आहे. कान देऊन ऐकावं लागलं नाही, मालकांचा आवाजच तसा आहे.

“ताई, डॉक्टर खूश, पेशंट खूश. तुम्हालाच काय होतंय?”

“साहेब, आतापर्यंतच्या चारही कामांत एकच दात दिलेत मी. आईची कवळी आणि बागेतल्या आणखी तिघांची तर डोळ्यांनी पाहिली. त्या पुन्हा करायला हव्यात.”

“अहो, पण कुणी म्हणालंय का तसं?”

“मी म्हणतेय.”

मग मालक वेगळ्याच, हळू आवाजात बोलले. “तुम्ही मला फार अडचणीत टाकताय. मी नियम सगळ्यांसमोर केला. प्लास्टरखोलीतले बाकीचे लोक घरी चाललेत. आता तुमच्यासाठी नियम वाकवला तर त्यांना काय तोंड दाखवू?”

“वाकवू नका. खुर्ची नवीला द्या. चांगली मुलगी आहे. पण महिनाअखेरीपर्यंत मशीन मला लागेल. माझं बिघडवलेलं मला नीट करायचंय.”

“आणि त्यानंतर?”

“त्यानंतरचं मी बघीन.”

ती बाहेर आली तेव्हा मी एक डबा तिसऱ्यांदा बंद करत होते. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, “डॉक्टरबाईंकडे आज काय काय पोचवायचंय? मी पण येते.”

त्या चौघांची कामं एकाच दवाखान्यातली होती, बागेसमोरच्या डॉक्टरबाईंच्या. म्हणून तर सगळा घोळ एका फोटोत मावला. डॉक्टरबाई वयानं ताईएवढ्याच, सडेतोड, हातात सतत काहीतरी. ताईनं त्यांनाही सगळं सांगितलं, काही न लपवता.

“दात बसलेत छान, चावायला त्रास नाही. मी तेवढंच बघितलं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “हे माझ्याही लक्षात आलं नाही. तुम्हाला काय हवंय?”

“मला ती माणसं बघायचीत.”

“म्हणजे?”

“इतकी वर्षं मी दात करतेय, मॅडम. जबडे पाहिले, चेहरा एकही पाहिला नाही. आमच्याकडे साचा येतो आणि साचा काही हसत नाही. मला एकेकाला समोर बसवून बोलायचंय. जुने फोटो बघायचेत. मग मी लॅपटॉपवर दात फिरवीन.”

मला खरं तर लाज वाटली. लॅबची माणसं दवाखान्यात मागच्या दारानं येतात, डबा देतात आणि जातात. आणि ही बाई बसायला जागा मागतेय! डॉक्टरबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग औषधांची खोकी हलवायला लावून खिडकीपाशी एक टेबल मोकळं करून दिलं.

त्या आठवड्यात मी रोज दुपारी डबे घेऊन तिथं जायचे आणि मुद्दाम रेंगाळायचे. काय मजा चालायची तिथं! उंच नर्सबाई हसल्या की त्यांची वरची हिरडी दिसायची आणि आयुष्यभर त्यांनी ती ओठांनी झाकली होती. त्या म्हणाल्या, “ताई, आता झाकायची ताकद नाही, दिसू दे बाई.” ताईनं दिसू दिली. दुकानवालीनं तरुणपणचा फोटो आणला, समोरच्या दोन दातांत ही मोठी फट. “गिऱ्हाईक मला त्या फटीवरून ओळखायचं,” म्हणाली. ताई स्क्रीनवर फट ठेवायची, दुकानवाली म्हणायची, “अजून थोडी. कंजूषपणा करू नका.” दोघी तासभर घासाघीस करत होत्या. माझी ताई एवढी खुशीत मी कधी पाहिली नव्हती, त्या खुर्चीत बसली असतानासुद्धा नाही. ती त्यांना बोलती करायची, चिडवायची, आणि माणूस बोलता बोलता खळखळून हसलं की हिचा हात हळूच लॅपटॉपवर चालायला लागायचा.

आईला मात्र तिनं बोलावलंच नाही. फोटोही मागितला नाही. एका संध्याकाळी घरी टेबलापाशी बसून तिनं तो चढलेला दात बसवला. एकदा वर घेतला, एकदा खाली, मग डोळे मिटून बसली आणि मग एवढासा तिरका केला. कवळी आली तेव्हा आईनं ती घातली, आरशात पाहिलं. आत जाऊन बाबांच्या फोटोसमोर उभी राहिली. बाहेर आली ती एवढंच म्हणाली, “चहा ठेवा गं कुणीतरी.”

डॉक्टरबाईंनी एकदा हात धुता धुता ताईला विचारलं, “महिना संपला की काय करणार?”

“काहीतरी नवीन शिकेन,” ताई म्हणाली. “सवय आहे.”

“शिका. पण शिकत शिकत इथंच बसा. माझ्याकडे दात बसवायला येणारा प्रत्येक माणूस आधी तुमच्या टेबलापाशी बसेल. लॅबला काम जाईल ते तुम्ही ठरवून दिलेलं. मी तुमच्या मालकांशी बोलते.”

ताईनं लगेच होकार दिला नाही. “ती खुर्ची नाही ना ही,” घरी येताना मला म्हणाली. त्या स्क्रीनसमोरच्या खुर्चीचा सल तिला होताच. मशीनचं काम तिला मनापासून आवडायचं आणि रोज ती नवीला तिथं बसलेली बघत होती. मी म्हटलं, “अगं वेडे, तुझ्या टेबलापाशी माणसं बसतात. तिच्यापाशी कोण बसतं?” ती म्हणाली, “ते आहे.” पण तिचा आवाज काही वर चढला नाही.

शेवटी राहिले बँकवाले काका. ते दोनदा येतो म्हणाले आणि आले नाहीत. महिना संपत आला तेव्हा आले, इस्त्रीचा शर्ट, ओठ मिटलेले. मी नेमकी डबे मोजून देत होते.

“फोटो आणलात?” ताईनं विचारलं.

“नाही.”

“विसरलात? हरकत नाही, उद्या…”

“विसरलो नाही. नाहीच आहे. हसताना एकही फोटो नाही माझा.” ते खुर्चीच्या टोकावर बसले. “माझे पुढचे दात एकावर एक होते. शाळेत पोरं फार चिडवायची. तेव्हापासून ओठ मिटायची सवय लागली. लग्नाच्या फोटोतसुद्धा मिटलेलेच आहेत. बँकेत काउंटरवर सगळी नोकरीही तशीच केली. लोक म्हणायचे, फार कडक माणूस. मी काही कडक नव्हतो हो.”

“बरं झालं ना मग,” ताई म्हणाली. “आपण आता तुमच्यासाठी खास…”

“ताई, ऐका माझं.” काकांनी नकळत हात तोंडावर धरला, जणू कुणी कवळी ओढून नेणार होतं. “तुम्ही म्हणता चूक झाली. झाली असेल. पण माझी नात फोन करते ना, ती आता व्हिडिओच लावते. म्हणते, आजोबा, तुम्ही हसता किती छान! हे मला आजवर कुणी म्हणालं नाही. माझे परत घेऊ नका.”

ताई म्हणाली, “पण काका, हे दात मी आणखी तिघांना दिले होते.”

“त्यांचे बदललेत ना?”

“बदलले.”

“मग आता हे माझे झाले.”

मला तिथं उभं राहवेना. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले आणि डबे पुन्हा मोजायला घेतले, कितीही मोजले तरी जुळेनात. मागे ताई म्हणत होती, “एकदा हसून दाखवा.” काका हसले असणार, कारण ताईनं लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “छान बसलंय. याला मी हात लावणार नाही.”

महिन्याच्या शेवटच्या दिवशी प्लास्टरखोली रिकामी केली. बाकं बाहेर काढली, मेणाच्या वाट्या कुणीतरी पोत्यात भरल्या. बरोबरीचे लोक एकमेकांचे नंबर घेत होते. ताईनं सगळ्यांचा निरोप घेतला आणि मग स्क्रीनच्या खोलीत गेली. मी तिची पिशवी घेऊन मागोमाग.

नवी लगबगीनं उठली. “ताई, बसा ना.”

“नको. तुझी खुर्ची आहे, तू बस.” ताई मागे उभी राहिली. “एक काम कर. तो सातवा नमुना आहे ना, तो आपल्या यादीतून काढून टाक.”

“सातवा? ताई, सगळ्यात जास्त तोच चालतो. मालकांना काय सांगू?”

“सांग, ताईनं एकाला देऊन टाकलाय.”

नवीनं वळून तिच्याकडे पाहिलं. स्क्रीनवर दातांच्या रांगा एकाखाली एक दिसत होत्या. सातवी रांग तिनं निवडली, खात्री आहे का म्हणून मशीननं एकदा विचारलं, आणि नवीनं बटण दाबलं.

ताईचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. तो तिनं काढून घेतला आणि माझ्याकडून पिशवी घेऊन खांद्याला अडकवली.

“चल,” मला म्हणाली, “डॉक्टरबाईंकडे एक आजी येऊन बसल्यात.”